सायप्रसमधल्या ओसाड गावाचा इतिहास कसा शोधायचा

सायप्रसच्या पश्चिमेला पाफोसच्या डोंगरात पडकी गावं दिसली की लोक ड्रोन उडवतात, 'भुताचं गाव' म्हणून रील टाकतात आणि निघून जातात. प्लीज असं करू नका, त्या घरांमधली माणसं आणि त्यांची मुलं आजही बेटाच्या दुसऱ्या बाजूला राहतायत (1974 पासून बेट दुभंगलंय, दक्षिणेत ग्रीक सायप्रियट, म्हणजे ग्रीक बोलणारे, आणि उत्तरेत तुर्की सायप्रियट, म्हणजे तुर्की बोलणारे).

आधी गावाची दोन्ही नावं शोधा. व्रेत्सिया हे तुर्की सायप्रियट लोकांचं गाव, त्याचं तुर्की नाव दाअशान, आणि एकाच नावाने सर्च केलंत तर एकाच बाजूची गोष्ट हाती लागते. मग जनगणना बघा. इंग्रजांनी 1881 पासून 1931 पर्यंत दर दहा वर्षांनी केली, नंतर 1946 ला, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी 1960 ला झाली. गावाचे आकडे ओळीने लिहून काढा, गाव मिश्र होतं का, एक समाज कधीपासून कमी होत गेला हे लगेच दिसतं.

खरी मेहनत गाव नेमकं कधी रिकामं झालं यावर घ्या. सगळे सरसकट 1974 म्हणतात, पण डिसेंबर 1963 ला या दोन समाजांत दंगली पेटल्या आणि त्यानंतरच्या महिन्यांत कितीतरी तुर्की सायप्रियट गावं ओस पडली, मार्च 1964 मध्ये यूएनची शांतिसेना आली (पहिले कमांडर आपले जनरल ग्यानी, पुढे जनरल थिमय्या, ते 1965 मध्ये तिथेच वारले). जुलै 1974 ला ग्रीसमधल्या लष्करशाहीच्या पाठिंब्याने सायप्रस सरकारविरुद्ध बंड झालं, पाच दिवसांत तुर्की सैन्य उतरलं, उत्तरेतले बहुतेक ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले आणि 1975 च्या व्हिएन्ना करारानंतर दक्षिणेत उरलेले बहुतेक तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांची कारणंसुद्धा वेगळी असू शकतात. प्रिओ या नॉर्वेच्या शांतता-संशोधन संस्थेच्या सायप्रस सेंटरने विस्थापनाची गाववार माहिती ऑनलाईन ठेवलीये, ती नक्की वाचा.

मग माणसांना भेटा. एप्रिल 2003 पासून दोन भागांमधली क्रॉसिंग, म्हणजे ओलांडायची नाकी, खुली आहेत, पासपोर्ट दाखवून पलीकडे जाता येतं. गावच्या म्हाताऱ्यांना पहिल्याच भेटीत 'कोणी हाकललं' असं विचारू नका, शाळा कुठे होती, पाणी कुठून आणायचे, लग्नं कुठल्या गावात व्हायची हे विचारा, बाकीचं ते आपणहून सांगतात. शेजारच्या ग्रीक गावातही तेच प्रश्न विचारा आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा.

गावात गेलात तर दगड, कौलं, काहीही उचलू नका, कबरींवर चढू नका. दोन भागांमधल्या यूएनच्या बफर झोनमध्ये परवानगीशिवाय शिरू नका, सुरुंगाच्या पाट्या खऱ्या आहेत, आणि लष्करी चौक्यांचे फोटो काढू नका.