सिम्युलेटेड बेसबॉल लीगचा ऑफसीझन कसा सांभाळावा: आधी पुरस्कार, मग संघ

संगणकावर चालणाऱ्या बेसबॉल लीगमध्ये सामने संगणकच खेळवतो. माणसांचं खरं काम मोसम संपल्यावर सुरू होतं. सर्वोत्तम खेळाडू कोणाला म्हणायचं, कोणाचा करार वाढवायचा, कोणाला सोडायचं आणि कोणाला दुसऱ्या संघांपासून जपायचं, हे सगळं थोड्या दिवसांत उरकावं लागतं. आणि पुढची चार-पाच वर्षं ते निर्णय निस्तरावे लागतात.

मी ‘आऊट ऑफ द पार्क बेसबॉल’ या गेमवर चालणाऱ्या ऑनलाइन लीगमध्ये एक संघ सांभाळतो. मार्कुस हाइनझोन या जर्मन प्रोग्रामरने केलेल्या या गेमची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली. ऑनलाइन लीगची पद्धत सोपी असते. लीग चालवणारा कमिशनर लीगची फाइल सर्व्हरवर ठेवतो. प्रत्येक जनरल मॅनेजर, म्हणजे एकेक संघ सांभाळणारा, ती उतरवून घेतो, आपल्या संघात हवे ते बदल करतो आणि संघाची फाइल परत चढवतो. सगळ्यांच्या फाइली आल्या की कमिशनर गेम काही दिवस पुढे नेतो. त्याला सिम म्हणतात. फासे आणि कार्डांवर खेळणाऱ्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या लीगनाही पुढच्या बहुतेक पायऱ्या लागू पडतात.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. पुरस्कार झालेल्या मोसमासाठी असतो, करार येणाऱ्या मोसमांसाठी. आकडे तेच, पण बघण्याची नजर दोन वेळा वेगळी हवी. नव्या मॅनेजरांचे फसलेले करार मी पाहतो, तेव्हा बहुतेकदा या दोन नजरांची गल्लत झालेली असते.

पायरी १: तारखा आपल्या घड्याळात मांडा

पाच मुदती कागदावर लिहा: पुरस्कारांची मतं, करारातले पर्याय (करार वाढवायचा की नाही), लवादाचे देकार (पगाराचा वाद सोडवणाऱ्या त्रयस्थापुढे मांडायचे आकडे), दुसऱ्या संघांपासून जपायच्या चाळीस जणांची यादी आणि फ्री एजंटांचा, म्हणजे करारातून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार. कमिशनर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर त्याची रात्री नऊची मुदत हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पडते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि तीच मुदत साडेसहावर येते. हे मी एकदा विसरलो. सकाळी सात वाजता फाइल चढवली, तोवर सिम होऊन गेला होता. पाच मोसम जोपासलेला माझा एकवीस वर्षांचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) यादीबाहेर राहिला आणि दुसऱ्या संघाने उचलला. तेव्हापासून मी मुदतीच्या आदल्या संध्याकाळीच फाइल पाठवतो.

तुम्ही स्वतः कमिशनर असाल, तर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, शेवटचा सामना झाल्याबरोबर फाइलची वेगळी प्रत काढून ठेवा. निवृत्त्या आणि करारसमाप्ती एकदा होऊन गेल्या की मागे जायला दुसरा रस्ता नसतो.

पायरी २: मतदानाचे नियम मत देण्याआधी लिहा

गेम आकड्यांवरून पुरस्कार आपोआप ठरवतो. तरीही मॅनेजरांनी स्वतः मतं द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. एरवी कोणी दुसऱ्याच्या संघाचं पान उघडून बघत नाही. मत द्यायचं म्हटलं की बघावंच लागतं.

खऱ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, हे मतदान बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिकेचे सदस्य करतात. सर्वाधिक मौल्यवान खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, निवडताना मतपत्रिकेवर दहा नावं असतात. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत दहाव्याला १. सर्वोत्तम पिचरच्या (गोलंदाजाच्या) साय यंग पुरस्कारासाठी पाच नावं आणि ७-४-३-२-१ असे गुण. दहा-बारा मॅनेजरांच्या लीगला ही पाच नावांची पद्धत सगळ्या पुरस्कारांसाठी पुरते.

गुणांची गंमत एका उदाहरणात दिसते. समजा दहा मतदार आहेत. पहिल्या खेळाडूला पाच जणांनी पहिलं, एकाने दुसरं आणि चौघांनी चौथं स्थान दिलं. त्याचे गुण ३५ अधिक ४ अधिक ८, एकूण ४७. दुसऱ्याला चौघांनी पहिलं आणि सहा जणांनी दुसरं स्थान दिलं. त्याचे २८ अधिक २४, म्हणजे ५२. पहिल्या पसंतीची मतं कमी असूनही दुसरा जिंकला. हे निकालानंतर समजावत बसलात तर भांडण होतं, म्हणून आधीच सांगा.

१९९९ मध्ये अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) असंच झालं. बॉस्टनचा पेद्रो मार्टिनेझ त्या वर्षी २३-४ (२३ विजय, ४ पराभव) होता, ईआरए (क्षेत्ररक्षणाच्या चुका सोडून दर नऊ डावांत दिलेले रन) २.०७, ३१३ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). पहिल्या पसंतीची ८ मतं त्याला, तर टेक्सासचा कॅचर इव्हान रॉड्रिगेझ याला ७. पण दोन मतदारांनी पेद्रोचं नाव दहांत कुठेच लिहिलं नाही, आणि रॉड्रिगेझ २५२ विरुद्ध २३९ गुणांनी एमव्हीपी झाला. पिचर एमव्हीपी होऊ शकतो की नाही, हा प्रश्न तुमच्या लीगमध्येही येणारच. माझ्या मते होऊ शकतो. तुम्ही काहीही ठरवा, पण लेखी ठरवा.

आणखी तीन नियम हवेत. मतं प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) सुरू होण्याआधी घ्या, खरे पत्रकारही तेव्हाच देतात. एरवी ऑक्टोबरातला एक होमरन सहा महिन्यांचं काम झाकून टाकतो. स्वतःच्या संघातल्या खेळाडूला कोणी मत देऊ नये. प्रत्येक उमेदवाराचं फक्त आपल्या मॅनेजरचं मत जातं, त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. आणि बरोबरी झाली तर काय, तेही लिहा. १९७९ मध्ये नॅशनल लीगचा एमव्हीपी कीथ हर्नांडेझ आणि विली स्टारजेल यांना समान २१६ गुणांवर विभागून दिला होता. आम्हीही विभागूनच देतो.

नवोदित कोणाला म्हणायचं, याची मेजर लीगची व्याख्या तशीच उचला: आधीच्या मोसमांत १३० पेक्षा जास्त ॲट-बॅट (फलंदाजीच्या खेपा), ५० पेक्षा जास्त डावांची पिचिंग किंवा मुख्य संघात ४५ पेक्षा जास्त दिवस झालेला खेळाडू नवोदित राहत नाही.

पायरी ३: मत देताना खेळाडूच्या हातात काय होतं ते बघा

पिचरचा विजय-पराभव हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात दिसतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. आपल्या फलंदाजांनी रन केले नाहीत, तर पिचर काय करणार? सिअॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझला २०१० चा साय यंग १३-१२ अशा कामगिरीवर मिळाला, कारण ईआरए २.२७ होता. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने २०१८ मध्ये तो १०-९ वर जिंकला, ईआरए १.७०.

फलंदाजांच्या बाबतीत मैदान बघा. डेनव्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण मैलभर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो. तुमच्या काल्पनिक लीगमध्येही प्रत्येक मैदानाचे असे गुणक असतात आणि ते गेममध्ये बघता येतात.

पहिल्या दहा नावांची छाननी वॉर या आकड्यावरून करा. खेळाडूने बॅटिंग, धावणं, क्षेत्ररक्षण आणि पिचिंग मिळून, सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती सामने जास्त जिंकून दिले, याचा तो अंदाज असतो. पण छाननीपुरतंच. २०१२ मध्ये मिगेल काब्रेराने सरासरी, होमरन आणि आरबीआय (आपल्या बॅटिंगमुळे आलेले रन) या तिन्हींत पहिला येऊन ट्रिपल क्राऊन मिळवला, १९६७ नंतर पहिल्यांदाच. वॉरमध्ये मात्र माइक ट्राऊट बराच पुढे होता. एमव्हीपी काब्रेरा झाला आणि वाद अजून चालू आहे. प्रत्येक मतासोबत एका ओळीचं कारण मागून घ्या. आमच्या लीगमध्ये निकालापेक्षा या ओळीच जास्त आवडीने वाचल्या जातात.

पायरी ४: आता चष्मा बदला

पुरस्कार जाहीर झाले की तीच पानं पुन्हा उघडा आणि ‘याने काय केलं’ऐवजी ‘हा पुढे काय करील’ असं विचारा.

समजा तुमच्या एकतीस वर्षांच्या पिचरने २०० डाव टाकले, ईआरए ३.०५, आणि साय यंग मिळवला. त्याचा करार संपलाय आणि एजंट पाच वर्षं मागतोय. कागद घ्या आणि फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टी मांडा: होमरन २८, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस) ६०, चेंडू लागलेले फलंदाज ५, स्ट्राइकआऊट १३०. होमरनला १३ ने गुणा: ३६४. वॉक आणि चेंडू लागलेले मिळून ६५, त्यांना ३ ने: १९५. स्ट्राइकआऊटला २ ने: २६०. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला की २९९. त्याला २०० डावांनी भागलं की जवळजवळ १.५०. त्यात लीगच्या सरासरीशी जुळवणारा स्थिरांक मिळवा, तो साधारण ३.१० असतो. उत्तर ४.६०. यालाच एफआयपी म्हणतात, आणि गेम तो तयार दाखवतो. पण एकदा हाताने काढला की तो कशाने वाढतो ते डोक्यात बसतं.

३.०५ आणि ४.६० यांच्यातला फरक बहुतांशी चांगल्या क्षेत्ररक्षणाचा आणि नशिबाचा असतो. पुरस्कार त्याला आनंदाने द्या, कारण ते रन वाचले हे खरं आहे. पाच वर्षांचा करार देऊ नका.

पायरी ५: कोणाचा पगार कोण ठरवतं

मुख्य संघात तीन वर्षं सेवा होईपर्यंत पगार संघाच्या हातात असतो. तीन ते सहा वर्षांत खेळाडूला लवादाचा हक्क असतो. तिथे दोन्ही बाजू आपापला आकडा देतात आणि लवाद त्यातला एकच निवडतो, मधला काढत नाही. म्हणून उगाच कमी आकडा टाकू नका, हरलात तर खेळाडूचा पूर्ण आकडा भरावा लागतो. सहा वर्षांनंतर तो फ्री एजंट.

सेवेचं एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला मोसमाच्या सुरुवातीला खालच्या संघात ठेवलं. तो वर आला, नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने त्याचं फ्री एजंट होणं वर्षभर पुढे गेलं. २०२२ च्या कामगार करारात यावर उपाय आला. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्या निवडक होतकरू खेळाडूंना पूर्ण वर्ष मिळू लागलं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला पहिला सामना खेळला, पुरस्कार जिंकला आणि त्याचं पूर्ण वर्ष धरलं गेलं. तुमच्या लीगमध्ये हा नियम नसेल तर कमिशनरला सुचवा. पुरस्काराला वजन येतं आणि चांगल्या पोराला एप्रिलभर खाली बसवायचा मोहही जातो.

लवाद महाग पडतो म्हणून एखाद्याला सोडून देण्याआधी एक रात्र जाऊ द्या. डेव्हिड ऑर्टिझला मिनेसोटाने डिसेंबर २००२ मध्ये सोडलं. पुढच्या महिन्यात बॉस्टनने त्याला साडेबारा लाख डॉलरना घेतलं आणि त्याच्यासोबत २००४, २००७ आणि २०१३ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. आधी ट्रेडसाठी (अदलाबदलीसाठी) विचारणा करा, चौथ्या फेरीत निवडलेला एखादा नवखा पोरगा मिळाला तरी तो फायदाच.

पायरी ६: चाळीसची यादी

मला विचाराल तर अख्ख्या ऑफसीझनमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेला खेळाडू पाच मोसमांत आणि त्याहून मोठा असताना आलेला चार मोसमांत चाळीसच्या यादीत आला नाही, तर रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या संघांचे यादीबाहेरचे खेळाडू निवडायच्या फेरीत) कोणीही त्याला उचलू शकतं. उचलणाऱ्याला एक लाख डॉलर मोजावे लागतात आणि पुढचा मोसमभर त्याला सव्वीस जणांच्या मुख्य संघात ठेवावं लागतं. तसं जमलं नाही, तर त्याला निम्म्या किमतीत मूळ संघाला परत देऊ करावं लागतं.

ही सव्वीसची अट हीच तुमची चाळणी. पात्र खेळाडूंची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवा: हा उद्या मेजर लीगच्या बाकावर बसून वर्ष काढू शकेल का? जोरदार चेंडू टाकणारा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारा पिचर), चांगले हात असलेला कॅचर, कुठेही उभा राहणारा इनफिल्डर काढू शकतो. त्यांना आधी यादीत घ्या. गुणवत्ता भरपूर पण अजून कच्चा असलेला फलंदाज सहसा वाचतो.

सहसा म्हटलं, कारण रोबेर्तो क्लेमेन्ते वाचला नव्हता. ब्रुकलिन डॉजर्सने दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतलेला हा वीस वर्षांचा पोरगा १९५४ मध्ये त्यांच्या मॉन्ट्रिऑलच्या दुय्यम संघात होता. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्गने त्याला चार हजारांत उचललं. पुढे तो पिट्सबर्गसाठीच बरोबर ३,००० हिट मारून गेला, दोन वर्ल्ड सिरीज आणि बारा गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) घेऊन. यादीतलं शेवटचं नाव सदतीस वर्षांच्या राखीव फलंदाजाला देताना हे आठवा.

पायरी ७: बाजार

फ्री एजंटांचा बाजार आयपीएलच्या लिलावासारखा एक-दोन दिवसांत उरकत नाही, कित्येक सिम चालतो. पहिल्या आठवड्यात भाव चढे असतात. मला एकच मोठं नाव हवं असेल तर मी तेव्हा जातो, बाकीच्यांसाठी जानेवारीपर्यंत थांबतो. देकार देण्याआधी खेळाडूचा स्वभाव वाचा. गेम पैशाची हाव, निष्ठा आणि जिंकण्याची ओढ वेगवेगळी दाखवतो. जिंकण्याची ओढ असलेला खेळाडू तळाच्या संघाला जास्त पैशांतही नकार देतो.

शेवटी फाइल चढवा, आणि सिम झाल्यावर लीगची नवी फाइल उतरवून चाळीस नावं एकेक करून मोजा. फाइल अर्धवट पोहोचली असेल, तर कमिशनरला त्याच दिवशी सांगता येतं.