गुडघा सुजला तर आधी काय करायचं?

गुडघा दुखायला लागला की घरात आधी तेलाची बाटली निघते. थांबा, आधी गुडघा नीट बघा. पलंगावर दोन्ही पाय लांब करून बसा. दुखऱ्या गुडघ्याच्या वाटीशेजारचे खळगे भरून आलेत का? हात ठेवला तर तो दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? खळगे बुजले असतील, तर बहुधा सांध्यात पाणी साचलंय. झीज, मार, सांध्यातल्या गादीला इजा, युरिक ॲसिड अशा कशानेही आतलं वंगण जास्त तयार होतं. म्हणून नुसतं पाणी काढून भागत नाही, कारण शोधावं लागतं.

गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, पायावर भारच देता येईना, सांधा अडकला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर घरगुती उपाय नकोत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, जे जवळ असेल तिथे जा.

एरवी पहिले दोन-तीन दिवस बर्फ टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. आडवं पडून पाय उशांवर उंच ठेवा. गरम सुजेवर शेक नको, रगडून मालिश तर नकोच.

सूज उतरू लागली की खरं काम सुरू होतं, आणि तेच बहुतेक जण सोडून देतात. सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने ढिला पडतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या आणि गुडघ्याने ती खाली दाबा. वाटीच्या वर बोटं ठेवा, स्नायू टणक झालेला हाताला लागला पाहिजे. 5 सेकंद धरा, सोडा. असं 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे रोज करा, दुखणं थांबल्यावरही.

फिरायला सेमिनरी हिल्सच्या टेकडीचा चढ-उतार काही दिवस नको, फुटाळा तलावाच्या काठाने सपाट चाला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळ्या खाली बसून नव्हे, ओट्यावर लाटा. हे घरातल्या इतरांनीच आईला-आजीला आग्रहाने सांगायला हवं. वजन जास्त असेल तर 1 किलो कमी केल्याने प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी हलका होतो.

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नका. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, शरीरातलं पाणी घटतं, आणि अशा वेळी त्या मूत्रपिंडाला जास्त बाधतात. बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल, तर एक गोळीही विचारूनच घ्या.