गणपतीत कोकणातल्या गावी राहायला जाताना

तिकीट काढायच्या आधी, ज्यांच्याकडे उतरणार त्या घरी फोन करून विचारा: गौरी कधी जातात? कोकणात पुष्कळ घरचे गणपती गौरींबरोबरच जातात. बोलताना सगळे ‘पाच दिवसांचे गणपती’ म्हणतात, पण पाच मोजू नका. गौरी नक्षत्रावर चालतात. अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. म्हणून गौरी-गणपती २०२३ ला पाचव्या दिवशी गेले, २०२४ ला सहाव्या आणि २०२५ ला थेट सातव्या. मागच्या खेपेला पाच धरून परतीचं तिकीट काढलं होतं. ओवसे भरायला, म्हणजे सुपं घेऊन गौरी पूजायला, बायका अंगणात आल्या तेव्हा आम्ही स्टेशनच्या वाटेवर. तेव्हा पंचांग बघा, घरच्यांना विचारा, आणि परतीचं तिकीट विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाचंच काढा.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीतल्या गाड्या बघता बघता भरतात. परतीचे ६० दिवस वेगळे मोजावे लागतात, हेही विसरू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा चालू असतं, त्यामुळे गाडीची एरवीची वेळ धरून बसू नका. रस्त्याने जाणार असाल तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी महामार्गावर उतरू नका, एवढंच सांगते.

सामानात छत्री, रबरी चपला, बॅटरी, डासांचं मलम, नेहमीची औषधं. कपडे मात्र लवकर सुकणारे आणि जास्तीचे घ्या. भाद्रपदात दोरीवरचा टॉवेलसुद्धा दोन-दोन दिवस ओला राहतो, आणि ओल्या जीन्ससारखं ओझं नाही. सुटे पैसे रोख न्या. एटीएम बाजारपेठेत असतं, वाडीत नाही.

शांत राहायला जाताय ना? मग घरातलीच खोली मागू नका. चाकरमानी आलेले असतात, पडवीतसुद्धा अंथरुणं पडतात. जवळपास वेगळी खोली मिळते का ते आधीच बघा. वाडीत मुंबईसारखे स्पीकर नसतात, पण रात्री भजनाची मंडळी घरोघर फिरते. झोपमोड म्हणून कपाळाला आठ्या घालणार असाल तर या दिवसांत जाऊच नका. खरी शांतता दुपारी, जेवणं उरकल्यावर. तेव्हा शेताच्या बांधावरून चालून या.

जमलं तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचा. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, बांधताना बघायला मिळते: नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, रानातली कवंडळं. मदत करा, पण काय कुठे टांगायचं ते घरच्यांना ठरवू द्या. देवाच्या खोलीत फोटो विचारून काढा. आणि मासळीची फर्माईश करू नका! गौरीच्या जेवणाला कुठे घावन-घाटलं असतं, कुठे वडे-सागोती, म्हणजे वडे आणि मटण-कोंबडीचा रस्सा. घराची रीत असेल ते पानात येईल. हे जेवणच चुकू नये म्हणून मघापासून तिकिटाचं सांगतेय. गौरी कधी जातात, विचारलंत ना?

न्यायला नारळ, फळं, भजनवाल्यांसाठी चहासाखर.

विसर्जनाला पऱ्यावर (ओढ्यावर) किंवा खाडीवर जाताना वाट निसरडी असते. पाण्यात गाववाल्यांना उतरू द्या, तुम्ही काठावर थांबा. निघताना नारळ, तांदूळ हातात देतील, नाही म्हणू नका. पिशवीत जागा ठेवा.