लायब्ररीतल्या क्रिकट मशीनवर मराठी अक्षरं कशी कापावीत

अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक लायब्रऱ्यांत क्रिकट मशीन असतं. कागद, पुठ्ठा, चिकट व्हिनाइल (स्टिकरसारखं, मागे कागद लावलेलं पातळ प्लास्टिक) असं बरंच काही बारीक पात्याने कापून देतं. गणपतीच्या मखरासाठी 'मोरया'ची अक्षरं इथल्या दुकानांत मिळणार नाहीत, पण लायब्ररीत तासाभरात होतात. आधी वेळ राखून ठेवा आणि व्हिनाइल आपलं न्यायचं का, हेही विचारून घ्या.

खरं काम मात्र घरीच करून जा. देवनागरीत प्रत्येक अक्षर हा वेगळा आकार असतो, शिरोरेषा फक्त एकमेकींवर चढलेल्या असतात. मशीन प्रत्येक आकाराची कड कापतं, त्यामुळे शिरोरेषा सांध्यासांध्यावर चिरली जाते. मग सोलताना 'र' एकटाच हातात येतो! म्हणून इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, ग्रुप सोडवा आणि सगळं निवडून 'युनियन' द्या, म्हणजे सगळे आकार जोडून एकच होतात. फक्त कडा दाखवणाऱ्या आउटलाइन मोडमध्ये बघा: शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये. एसव्हीजी फाइल ठेवा आणि क्रिकटच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरमध्ये चढवा. बारा इंची मॅटवर (कापायची वस्तू जिच्यावर चिकटवून मशीनमध्ये घालतात ती चटई) शब्दाची रुंदी साडेअकरा इंचांच्या आत हवी.

लायब्ररीत गेल्यावर हिरवी मॅट घ्या. व्हिनाइलची रंगीत बाजू वर, कागद खाली. टी-शर्टवर इस्त्रीने चिकटवायचं व्हिनाइल असेल तर उलट: चकचकीत बाजू खाली आणि 'मिरर' चालू.

दहा जणांनी वापरलेलं पातं कसं आहे ते सांगता येत नाही, म्हणून आधी कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा त्रिकोण कापून पाहा. वरचं व्हिनाइल कापलं जावं, खालचा कागद शाबूत राहावा. मुख्य कापणी झाली की मॅट लगेच बाहेर काढू नका. सुईने एक टोक उचला. नीट कापलं नसेल तर पुन्हा बटण दाबा, पातं त्याच रेषेवरून फिरतं. मॅट एकदा बाहेर आली की ही सोय गेली.

आता भोवतालचं व्हिनाइल सोला आणि 'म'च्या पोटातला तुकडा टोकदार हुकाने अलगद उचला. वरून ट्रान्सफर टेप (अक्षरं जशीच्या तशी उचलून दुसरीकडे लावायची चिकटपट्टी) चिकटवा, कार्डाच्या कडेने घासा, आणि अख्खा शब्द एकदम उचलला जातो.

निघताना मॅटवरचे कपटे काढून तिच्यावर प्लास्टिकचं आवरण परत लावा आणि कॉम्प्युटरवरून आपल्या खात्यातून बाहेर पडा. पातं बोथट वाटलं तर काउंटरवर सांगून जा.