भंगारातल्या शिल्पकारावर माहितीपट करताय? आधी वर्कशॉपमधला रेडिओ बघा

भंगारातून शिल्पं करणाऱ्या माणसावर माहितीपट करावा, असं कोल्हापुरात कुणालाही सुचेल. उद्यमनगरातून एक चक्कर मारली तरी गिअर, बेअरिंग, जुन्या इंजिनांची फ्लायव्हीलं ढिगानं पडलेली दिसतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत भंगार पुन्हा वितळायला जातं. त्यातलंच थोडं उचलून कुणीतरी पैलवान नाहीतर मोर उभा करत असतो. विषय दारात आहे. पण विषय मिळाला म्हणजे फिल्म मिळाली असं नाही. माझी पहिली फिल्म एडिटिंगला जाऊन जिथं अडकली, तिथं तुम्ही अडकू नये म्हणून हे लिहितोय.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर, नाहीतर ट्यूबलाइट लपलप करते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वेल्डिंग सुरू व्हायच्या आधी ऑटो एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा हे कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं) बंद करा. ग्राइंडरसमोर लेन्सला साधा फिल्टर हवाच, कारण ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण असतो, तो काचेत रुतून बसतो. आणि वेल्डिंगच्या आर्ककडे, म्हणजे त्या लखलखत्या उजेडाकडे, उघड्या डोळ्यांनी एक क्षणही बघू नका. त्रास तेव्हा कळत नाही. रात्री डोळे उघडवत नाहीत आणि दुसऱ्या दिवसाचं शूटिंग जातं.

आता मूळ मुद्दा. वर्कशॉपमध्ये रेडिओ चालू असतो, दिवसभर, बहुतेक सगळ्याच वर्कशॉपमध्ये. तुमच्या कानाला तो तासाभरात ऐकू येईनासा होतो, माइकला मात्र सगळं ऐकू येतं.

अण्णा (ज्यांच्यावर मी फिल्म केली ते, त्यांना सगळी गल्ली अण्णाच म्हणते) काम करता करता फार सुंदर बोलायचे. ते सगळं बोलणं माझ्याकडे आहे आणि त्या सगळ्याखाली सिनेमाची गाणी आहेत. वीस मिनिटांच्या बोलण्यातून फिल्ममध्ये दोन मिनिटं राहतात, म्हणजे मधे दहा ठिकाणी कात्री लागते. नुसतं बोलणं असेल तर कट लपतो. खाली गाणं असेल तर प्रत्येक कटला मुखड्यावरून थेट अंतऱ्यावर उडी पडते. प्रेक्षकाला एडिटिंगमधलं काही कळत नसलं तरी गाणं तुटलेलं पहिल्या झटक्यात कळतं. वरून पार्श्वसंगीत टाकून झाकू म्हणाल, तर दोन सूर एकमेकांवर आदळतात.

बरं, एखादा तुकडा न कापता वापरला तरी हक्कांचं काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. गीत आणि चालीचा हक्क त्याहून वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेडिओवर वाजणारं जवळजवळ प्रत्येक गाणं कुणाच्या तरी मालकीचं असतं. सिनेमात मागे सहज दिसून गेलेल्या चित्राला किंवा शिल्पाला कायदा सूट देतो, पण ती सूट गाण्याला नाही. महोत्सवाच्या अर्जात संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत असं लिहून द्यावं लागतं, आणि यूट्यूबवर टाकलं तर तिथली यंत्रणा मागचं पुसट गाणंही ओळखते.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘एआयनं आवाज साफ करून घे’. मला तो एका अनुभवी माणसानं दिला होता, आणि आजही नव्या मुलांना तोच दिला जातो याचा मला राग येतो. त्या सॉफ्टवेअरमधून गाणं निघून गेलं, पण अण्णा डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे झाले. त्याहून वाईट म्हणजे हातोडीचा आवाजही गेला. माणसाच्या आवाजाव्यतिरिक्त जे काही आहे ते सॉफ्टवेअरच्या लेखी गोंगाट.

आणि अण्णांचं सगळं काम त्या हातोडीवर चालतं. भंगारवाल्याकडे ढिगातला तुकडा उचलला की ते आधी त्यावर हातोडीनं हलकेच टोला देतात. स्टील खणखणतं, बीड (ओतीव लोखंड) बद्द वाजतं. हे बघणं गरजेचं असतं, कारण बीडाला साध्या रॉडनं वेल्डिंग मारलं तर थंड होताना जोडालगत तडा जातो. निकेलचा रॉड महाग पडतो, म्हणून बीडाचा तुकडा असेल तर ते भोक पाडून बोल्ट घालतात. मोराच्या पायात बोल्ट का आणि मानेला वेल्डिंग का, याचं उत्तर त्या एका टोल्यात होतं. तो टोला गाण्याखाली दबला आणि साफसफाईत पुसला गेला.

पुढच्या वेळी मी अण्णांना कापलेला तुकडा लावून सरळ हेडफोन दिला. ऐकून म्हणाले, “गाणं मधीच तुटतंय की रं. मग माझं बोलणंबी असंच तोडणार व्हय तू?” त्यांनी स्वतः उठून रेडिओ बंद केला. तेव्हापासून आमचं ठरलं: चहा झाला की रेडिओ बंद, जेवायला बसलो की चालू. माणसाची वर्षानुवर्षांची सवय अशी एका वाक्यात बंद करायला सांगू नका, हात बिचकतो आणि काम बदलतं. कारण ऐकवा, मग सांगावं लागत नाही.

एवढ्यानं घाबरू नका. ज्यांचं शूटिंग आधीच गाण्यासकट झालंय त्यांचंही सगळं वाया जात नाही. हातांची दृश्यं मूक धरून वापरता येतात, फक्त आवाज परत जाऊन घ्यायचे: बीडावरची हातोडी, पत्र्यावरची हातोडी, कटर, चेन फरशीवर पडताना, आणि कुणी काहीच करत नसताना वर्कशॉपचा मिनिटभर आवाज. शेजारच्या शेडला सुट्टी असेल तो दिवस गाठा. मी असंच निभावलं, आणि फिल्म उभी राहिली.

भंगारवाल्याकडचं शूटिंग मात्र टाळू नका. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट आणि बैल दोन्ही एकदम दिसतात, सगळी गंमत तिथंच आहे. तुमच्या प्रेक्षकानं गिअर आधी गिअर म्हणून पाहिला नसेल तर मोराचा डोळा त्याला नुसताच डोळा वाटेल. ठिणग्यांचे स्लो मोशन आणि ड्रोन यांच्यावर पैसे घालण्यापेक्षा वजनकाट्याजवळ सकाळभर उभे राहा.

गुरू शोधत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: दिग्दर्शकाच्या मागे फिरण्याआधी एखाद्या एडिटरशेजारी आठवडाभर गप्प बसा. प्रमाणपत्र देणाऱ्या शिबिरांत हे शिकवत नाहीत. याच गावात सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी खटपट करून स्वतःचा कॅमेरा बनवला, ते चित्रकारही होते आणि शिल्पकारही. आपल्याला निदान दुसऱ्याचं काम शेजारी बसून बघता आलं पाहिजे.

शेवटचं, कागदाचं. शिल्पाचा कॉपीराइट शिल्पकाराचा असतो, आणि तुमच्या फिल्मचा विषयच ते शिल्प आहे, त्यामुळे मघाशी सांगितलेली सूट इथं धरून चालू नका. पहिल्या दिवशीच साध्या मराठीत लिहिलेल्या कागदावर परवानगीची सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. कुठं दाखवणार, पैसे आले तर काय करणार, हेही त्यात लिहा. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला आणि एक ओळ वाढवून घेतली: फिल्म बाहेर जाण्याआधी त्यांना वर्कशॉपमध्ये दाखवायची. ही ओळ तुमच्या कागदातही घाला.