फ्रूट कॉबलर: वरून सोनेरी पण आतून कच्चं, हे होऊ नये म्हणून काय करायचं

कॉबलर सोपं असतं हे अगदी खरंय. खाली साखरेत शिजलेली फळं, वर चमच्याने टाकलेले मऊ पिठाचे गोळे, सगळं एकाच भांड्यात बेक करायचं, झालं. अ‍ॅपल पायसारखी पारी लाटायला नको, केकसारखं फेटत बसायला नको. पण जवळजवळ प्रत्येक रेसिपीची शेवटची ओळ ठरलेली असते, "फळांवर पीठ घाला आणि सोनेरी होईपर्यंत बेक करा", आणि या एका ओळीने माझी पहिली चार-पाच कॉबलर वाया घालवलीत. सोनेरी रंग वरच्या पिठाचा झाला म्हणजे खालचं सगळं झालं असं अजिबात नसतं.

आधी साहित्य. साधारण २३ सेंटिमीटरच्या चौकोनी आणि दोन इंच खोल भांड्यासाठी सांगते, सहा-सात जणांना पुरतं.

फळं चिरून ९०० ग्रॅम ते १ किलो (पीच, प्लम, सफरचंद, पेअर, चेरी, बेरी, काहीही, दोन प्रकार एकत्र केले तरी चालतात). साखर १०० ग्रॅम, फळं आंबट असतील तर १५० पर्यंत. कॉर्नफ्लोअर २ टेबलस्पून, लिंबाचा रस १ टेबलस्पून, चिमूटभर मीठ.

वरच्या पिठासाठी मैदा २०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून (बटर खारट असेल तर चिमूटभरच), फ्रिजमधलं घट्ट बटर ८५ ग्रॅम, आणि दही ८० ग्रॅम अधिक दूध ८० मिली एकत्र फेटून.

कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरंशुभ्र, बोटात दाबलं की करकरतं ते. मक्याचं पिवळं पीठ नाही, त्याने रस घट्ट व्हायच्या ऐवजी रवाळ होतो. सफरचंदाला रस कमी सुटतो म्हणून त्याला १ टेबलस्पून पुरे, बेरी आणि चेरीला ३ लागतात. भांडं काचेचं किंवा सिरॅमिकचं घ्या, साध्या अॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट फळांना धातूची चव लागते.

ओव्हन १९० डिग्रीला तापत ठेवा. फळं चिरा, पीच आणि प्लमच्या फोडी बोटभर जाड, सफरचंदाच्या पातळ. साखर आणि कॉर्नफ्लोअर आधी कोरडंच एकत्र करा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग फळं, लिंबू आणि मीठ घालून हलवा आणि भांड्यात ओता.

मैद्यात बाकीचं कोरडं सामान मिसळून गार बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळून घ्या, वाटाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत, आणि हे मिश्रण फ्रिजमध्ये ठेवा. दही-दूध अजून घालायचं नाही.

आता खरी गोष्ट.

मी काय करायचे, तर गार फळं भांड्यात, त्यावर लगेच पीठ, आणि सगळं एकदम ओव्हनमध्ये. पंचवीस मिनिटांत वरचे गोळे इतके सुंदर दिसायचे की कुणालाही वाटेल झालंच. एकदा घरी पाहुणे जेवायला होते आणि मी ते भांडं थेट टेबलावर ठेवलं, चमचा घातला, वरचा भाग खुसखुशीत, त्याखाली जेमतेम बोटभर ब्रेडसारखं मऊ, आणि त्याच्याही खाली पांढरा चिकट लगदा, कणीक भिजवताना पाणी जास्त झाल्यावर होतो तसा. आणि फळं दुधट पाण्यात तरंगत होती. परत ओव्हनमध्ये ठेवलं तर वरून करपलं आणि खालचा लगदा तसाच राहिला. त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की त्यानंतर मी लागोपाठ बरेचदा तेच करून बघितलं, नक्की कुठे अडतंय ते कळेपर्यंत.

अडतं इथे, की वरचं पीठ वीस-पंचवीस मिनिटांत भाजून होतं, पण किलोभर गार ओली फळं उकळी फुटेपर्यंत तापायला चाळीस मिनिटं आणि कधी त्याहूनही जास्त घेतात. पिठाला वरून उष्णता मिळते पण त्याचा तळ गार रसावर बसलेला असतो, तो तापतच नाही, उलट वाफ आणि रस शोषून अजून ओला होतो. आणि कॉर्नफ्लोअरचंही तसंच, ते नुसतं कोमट झालं की घट्ट होत नाही, रस नीट उकळावा लागतो. म्हणजे कच्चं पीठ आणि पाणीदार फळं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात पण कारण एकच, फळं वेळेत उकळली नाहीत.

म्हणून फळं एकटीच आधी ओव्हनमध्ये जातात. १५ ते २० मिनिटं, सफरचंद आणि पेअर असेल तर २५ ते ३०. मध्ये एकदा बाहेर काढून तळापासून हलवा, कारण कडेची फळं आधी तापतात आणि मधली गारच राहतात. कडेने रस बुडबुडायला लागला आणि मधली फोडही चटका बसण्याइतकी गरम झाली की मगच पीठ. हा वेळ कुणी कितीही "गरज नाही" म्हणालं तरी वाचवू नका.

फळं तयार झाली की पिठाचं मिश्रण फ्रिजमधून काढा आणि आता दही-दूध ओता. आधी भिजवून ठेवू नका, कारण सोडा आणि दही भेटले की गॅस तिथल्या तिथे सुटायला लागतो, पीठ ओट्यावर वाट बघत बसलं तर तो फुकट जातो आणि गोळे बसके होतात. काट्याने दहा-बारा वेळा हलवा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गुठळ्या दिसतील, दिसू देत. गुळगुळीत होईपर्यंत घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कॉबलरच्या जागी पाव खाल्ल्यासारखं वाटतं.

मोठ्या चमच्याने आठ-नऊ गोळे गरम फळांवर टाका. दोन गोळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा. गोळा पसरवू नका, थापू नका, सगळं झाकण्याच्या मागे तर मुळीच लागू नका! "पीठ एकसारखं पसरवून फळं पूर्ण झाका" हा सल्ला मी अजूनही बघते आणि मला राग येतो, कारण झाकलं की वाफेला वाट राहत नाही, ती पिठाच्या तळाशी कोंडते आणि आपण पुन्हा लगद्यावर येतो. फटी असल्या की वाफ निघून जाते आणि शिवाय आतला रस डोळ्यांना दिसतो, जो आपल्याला पुढे बघायचाच आहे. गोळ्याची जाडी एक इंचाच्या वर नको. फळं खरंच पुरेशी गरम असतील तर गोळा रसावर बसला की त्याच्या कडेने लगेच बारीक बुडबुडे फुटतात आणि कडेचं ओलं पीठ बघता बघता चमक सोडून आळतं. हे दिसलं की समजा तळ शिजायला लागला. काहीच झालं नाही, गोळा नुसता शांत बसून राहिला, तर तुम्ही घाई केलीत.

वर थोडी साखर भुरभुरवा, भांड्याखाली एक ट्रे ठेवा (रस उतू जातोच आणि ओव्हनच्या तळाला जळलेली साखर खरवडणं फार त्रासाचं), आणि परत १९० डिग्रीला २५ ते ३० मिनिटं.

झालं की नाही हे ओळखायला रंगावर विसंबू नका, विशेषतः ओटीजी किंवा छोटा ओव्हन असेल तर, तिथे वरचा रॉड भांड्याच्या डोक्यावरच असतो आणि पंधरा मिनिटांतसुद्धा छान रंग येऊ शकतो. टूथपिकही फसवी, ती गोळ्यातून आरपार फळात जाते, ओली आली तर रसाने की कच्च्या पिठाने ते कळत नाही. मी भांड्याच्या मधोमध फटीतला रस बघते. कडेचा नाही, मधला. कच्चा रस पातळ, दुधट असतो आणि त्याचे बुडबुडे बारीक, फेसाळ, पटापट फुटतात. शिजलेला रस पारदर्शक, तुकतुकीत दिसतो आणि बुडबुडा मोठा, संथ, जाम शिजताना येतो तसा जड होऊन फुटतो. मग मधलाच एक गोळा चमच्याने अलगद उचलून खालून बघा. फळाला टेकलेला पातळ थर रसाने ओला असणारच, त्याच्या वर मात्र मोकळा, जाळीदार, केकसारखा गाभा दिसला पाहिजे. पांढरट गिच्च दिसलं तर गोळा परत जागेवर ठेवा आणि अजून सहा-सात मिनिटं द्या. एक गोळा जरा मोडका दिसेल, काही बिघडत नाही, आइस्क्रीम त्याच्यावरच घालायचं. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या पोटात ९३ डिग्री हवेत.

आणि मधे बुडबुडे यायच्या आधीच वरून गडद झालं तर? फॉइल नुसतं वर टेकवून ठेवा, कडा दाबून बंद करू नका नाहीतर वाफेने वरचा कुरकुरीतपणा जातो. ओटीजीत असाल तर वरचा रॉड बंद करा आणि भांडं एक कप्पा खाली घ्या. तापमान १५०-१६० वर आणून तासभर ठेवा असंही सांगतात, तसं केलं की खालचं शिजतं पण गोळे सुकून बिस्किटासारखे कडक होतात, मला ते चालत नाही.

पाणीदार कॉबलरला "अजून कॉर्नफ्लोअर घाला" हे उत्तर तर सगळ्यात वाईट. न उकळलेल्या रसात जास्त कॉर्नफ्लोअर म्हणजे जास्त कच्चट चव, आणि पुढच्या वेळी तो उकळला की डिंकासारखी फळं. रस ओतून टाकणं त्याहून वाईट, सगळा वास आणि चव त्यातच असते.

फ्रोझन फळं असतील तर त्यांना रस खूपच सुटतो, बर्फ होताना फळाच्या पेशी फुटतात म्हणून. ती ओव्हनमध्ये तापवायला फार वेळ जातो, तेव्हा मी सरळ गॅसवर पसरट पॅनमध्ये साखर आणि लिंबाबरोबर ठेवते, रस सुटून थोडा आटला की कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घालते, मिनिटभर उकळू देते आणि मग भांड्यात ओतून लगेच गोळे टाकते. खरं सांगायचं तर घाई असली की ताजी फळंही मी अशीच करते. फक्त काचेच्या गार भांड्यात उकळता रस ओतू नका, भांडं तडकू शकतं. भांडं ओव्हनमध्ये तापवलेलं असू द्या आणि बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावर नाही, कोरड्या कपड्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवा.

पातळ पीठ ओतून करायचाही एक प्रकार आहे, भांड्यात बटर वितळवायचं, त्यावर पीठ, त्यावर फळं, न हलवता बेक, पीठ फुगून फळांच्या वर येतं. चवीला छान लागतो, पण तो केकच्या जवळचा प्रकार आहे आणि रसाळ फळांना मी तो वापरत नाही, स्पंज भिजून बसतो. वर सांगितलेल्या गोष्टी त्याला लावू नका.

बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही. रस गार होता होता अजून आळतो, लगेच वाढलं तर नीट शिजलेलंही पातळ वाटतं, आणि तोंड भाजतं ते वेगळंच. कोमट असताना वाढा.

उरलं तर पूर्ण गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये, तीन दिवस चांगलं राहतं. परत गरम करताना १७५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये, झाकण न ठेवता पंधरा मिनिटं, पण काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये फळं गरम होतात पण गोळे लिबलिबीत पडतात.