सहलीची आठवण: काय उचलावं, काय राहू द्यावं, आणलेलं कसं सांभाळावं

सहलीहून आणलेला शंख किंवा दगड दोन वर्षांनी हातात घेतल्यावर तो कुठला हेच आठवलं नाही, तर त्याची आठवण म्हणून काही किंमत उरत नाही. ती नुसती अडगळ होते. म्हणून संग्रह सुरू करायचा तो वहीपासून. साधी शंभर पानी वही पुरते. सहा रकाने आखा: क्रमांक, तारीख, ठिकाण, कशी मिळाली, कोणाला विचारलं, आणली तेव्हाची अवस्था. ठिकाणाच्या रकान्यात 'कोकण' किंवा 'नाशिककडे' एवढं लिहून भागत नाही. गाव, तालुका आणि त्यातही नेमकी जागा हवी, म्हणजे 'खाडीच्या मुखाजवळ, भरतीच्या रेषेवर' असं काहीतरी. क्रमांक वर्षाला जोडून द्या: २०२५/१, २०२५/२. पुढे वस्तू शंभर झाल्या तरी घोळ होत नाही.

खरी परीक्षा 'कशी मिळाली' या रकान्याची. 'तटातून निखळून पडली होती, कोणी बघत नव्हतं, म्हणून पिशवीत टाकली' हे लिहायला हात अडखळत असेल, तर ती वस्तू तुमची नाही. मनातल्या मनात हा रकाना उचलायच्या आधीच भरून बघायचा. प्रत्यक्ष नोंद मात्र त्याच दिवशी, गाडी सुटायच्या आत करा. मुक्कामी पोचल्यावर लिहू म्हटलं की दोन किनाऱ्यांचे शंख एकाच पिशवीत मिसळलेले असतात.

किनाऱ्यावर

शंख रिकामा दिसतो म्हणून रिकामा असेलच असं नाही. मेलेल्या गोगलगायीच्या शंखात खेकडे बिऱ्हाड करतात आणि माणसाची चाहूल लागली की आत खोल दडून बसतात. म्हणून शंख एका डबीत बोटभर समुद्राच्या पाण्यात ठेवा, डबी सावलीत ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं तिला हात लावू नका. पाय बाहेर आले, किंवा तोंडाशी घट्ट बसलेलं झाकण दिसलं, तर शंख जिथून उचलला तिथेच ओल्या वाळूवर ठेवून द्या. कोरड्या वाळूत वर फेकला तर आतला जीव उन्हाने मरतो आणि सोडून दिल्याचा काही उपयोग होत नाही.

माणशी दोन-तीन शंख-शिंपले पुष्कळ झाले. चाळीस मुलांच्या सहलीत प्रत्येकाने ओंजळ भरून उचलली तर छोट्या पुळणीवर ते लगेच जाणवतं, कारण रिकामे शंख ही त्या खेकड्यांची घरंच असतात. झिजलेले, भोक पडलेले शिंपले आधी निवडा. खेकड्याच्या उपयोगाचे ते नसतात, आणि दोऱ्यात ओवायला भोकवालेच बरे.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. प्रवाळ म्हणजे पोवळ्याचे तुकडे, समुद्रपंखा, समुद्रघोडा, महाकाय शिंपला हे सगळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तुकडा लाटेने वाहून आलेला होता, ही सबब त्यात चालत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्यात आहे, तिथे तर साधा शिंपलाही जिथल्या तिथे राहू द्यावा. लोणारलाही हेच लागू. विवर अभयारण्यात असल्यामुळे तिथला 'उल्केचा दगड' खिशात टाकायचा मोह आवरा.

गडावर आणि लेण्यांत

इथे नियम सोपा आहे: काहीही उचलायचं नाही. खापर नाही, विटेचा तुकडा नाही, चुन्याचा पोपडाही नाही. संरक्षित स्मारकाची मोडतोड करणं किंवा त्यातलं काही काढून नेणं यासाठी १९५८ च्या केंद्रीय कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासह महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा गडावरचा पहारा आता आणखी कडक होईल असं धरूनच चला.

दंडाची भीती बाजूला ठेवली तरी खापर तिथेच राहिलं पाहिजे. ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं, यावरून जाणकार त्या जागेचा काळ आणि वापर ठरवतात. तुमच्या टेबलावर आलं की ते भाजलेल्या मातीचा तुकडा होतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक चोरून नेलेले अश्मीभूत लाकडाचे तुकडे माफीच्या पत्रांसह टपालाने परत पाठवतात. पण कोणता तुकडा कुठून उचलला होता हे कळत नसल्यामुळे ते पुन्हा मूळ जागी ठेवता येत नाहीत, आणि उद्यानाकडे त्यांचा ढीग साठला आहे.

खापर दिसलं तर त्याच्याशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून मापाचा अंदाज येतो. एक फोटो जवळून, एक दहा पावलं मागे जाऊन, म्हणजे जागा ओळखता येते. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. शिलालेखावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणं, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणं, हे दोन्ही टाळा. दगडाचा पृष्ठभाग झिजतो आणि खडू भेगांत बसतो. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढला की अक्षरं आपोआप वाचता येतात.

जमिनीत पुरलेलं नाणं सापडलं तर प्रकरण वेगळं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जवळच्या तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाणं घासू नका. चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून चकचकीत केलेल्या तांब्याच्या नाण्यावरचा जुना थर जातो, त्याबरोबर अक्षरंही पुसट होतात.

स्फटिक विकत घेताना

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हारसात, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, पुणे भागांतल्या खाणींतून निघणारे हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट तर प्रसिद्धच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आधी एक फेरी मारली तर डोळा तयार होतो आणि पुढची फसवणूक वाचते.

खाणीत स्वतः शिरू नका. सुरुंग लावून सैल झालेले दगड डोक्यावर असतात आणि खाण कोणाच्या तरी मालकीची असते. लेण्यांच्या पायथ्याशी फिरते विक्रेते स्फटिक विकतात, त्यांच्याकडे घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, रंग. ॲपोफिलाइट पांढरा, बिनरंगी किंवा फिकट हिरवा असतो, स्टिल्बाइट पांढरा ते पीच रंगाचा, स्कोलेसाइटच्या सुया पांढऱ्या. भडक गुलाबी, जांभळा किंवा पोपटी रंग दिसला तर तो बहुतेक डब्यातला. कापसाच्या बोळ्याला नेलपॉलिश रिमूव्हर लावून मागच्या बाजूला हळूच टेकवा, पुष्कळदा रंग बोळ्यावर उतरतो. दुसरी, सांधा. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून स्फटिक आणि खालचा दगड जिथे भेटतात तिथे पाहा. स्फटिक चिकटवलेला असेल तर डिंकाचा थेंब चमकतो, त्यात हवेचे बुडबुडे दिसतात. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च असेल तर बरेचसे डिंक त्यात निळसर पांढरे उजळतात. तिसरी, भाव. पहिला भाव ऐकून वही काढा आणि 'हा दगड कोणत्या गावचा?' असं विचारून उत्तर लिहायला लागा. माहीतगार विक्रेता खाणीचं गाव सांगतो, बाकीचे भाव उतरवतात.

घरी न्यायचा तर कापसात गुंडाळू नका. सुयांमध्ये कापूस अडकतो आणि काढताना सुया मोडतात. दगडाची फक्त मागची, स्फटिक नसलेली बाजू मऊ कागदाच्या वळकट्यांवर टेकेल असा तो डब्यात बसवा. वर मोकळी जागा राहू द्या.

दुकानात

पैसे देऊन घेतली म्हणजे वस्तू कायदेशीर झाली, हा गैरसमज महागात पडतो. तीर्थक्षेत्रांच्या बाहेर आणि ऑनलाइनही 'हत्ताजोडी' नावाची मुळी विकली जाते. ती मुळी नाही, नर घोरपडीचा वाळवलेला जननावयव आहे. घराला नजर लागू नये म्हणून काचेच्या चौकटीत लावतात ते 'इंद्रजाल' वाळलेलं काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतं. दोन्ही वस्तू जवळ बाळगणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधल्या प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. हस्तिदंत, वाघनखाचं लॉकेट, कासवाच्या पाठीची अंगठी याच यादीत धरा. विकणारा 'कृत्रिम आहे' म्हणाला तर तसं बिलावर लिहून मागा.

मोराचं पीस आपोआप गळलेलं असेल तर घरी ठेवता येतं, पण देशाबाहेर नेता येत नाही. उपटलेल्या पिसाच्या बुडाशी वाळलेलं रक्त किंवा मांसाचा अंश असतो, गळलेल्याचं टोक स्वच्छ आणि कोरडं. बाकी पक्ष्यांची पिसं उचलण्यापेक्षा फोटो बरा.

परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी एक गोष्ट. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना रुद्राक्षाची माळ, तुळशीची माळ, सुपारी, लाकडी खेळणी, शंख हे सगळं फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर तपासून परत देतात किंवा काढून घेतात, लपवलं तर दंड होतो.

धुणं, वाळवणं, ठेवणं

शंख गोड्या पाण्यात तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. आत मीठ राहिलं तर पावसाळ्यात ओल धरते. जुन्या टूथब्रशने हलकं घासा. वास गेला नाही तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी करून अर्धा तास ठेवा, मग भरपूर धुवा. व्हिनेगर किंवा लिंबू वापरू नका, शंख चुन्याचा असल्यामुळे वरची चकाकी लगेच विरघळते. ब्लीचमध्ये आम्ल किंवा टॉयलेट क्लीनर तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. सावलीत वाळवा.

यानंतर बहुतेकजण शंख पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा प्लायवुडच्या कपाटात ठेवतात आणि वर्षभरात त्यावर पांढरी भुकटी येते. ती बुरशी वाटते, पण बुरशी नसते. लाकूड, प्लाय आणि पुठ्ठा यांतून बाहेर पडणारं आम्ल दमट हवेत शंखाच्या चुन्याशी संयोग पावतं आणि क्षार तयार होतात. घासून भुकटी जाते, खालची झीज राहते. असा शंख शुद्ध पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा.

स्फटिक साध्या पाण्यात, मऊ ब्रशने, एवढंच. यांतल्या बऱ्याच खनिजांच्या घडणीत पाणी असतं, म्हणून गरम पाणी, ऊन, हेअरड्रायर नको. लाकडी खेळणं, कापड किंवा पीस यांना कसर लागली तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव आतल्या वस्तूवर धरतं.

एसटीचं तिकीट उष्णतेने छापलेल्या कागदावर असतं, काही महिन्यांत कोरं होतं. घरी आल्याबरोबर त्याची झेरॉक्स काढा. लॅमिनेट केलं तर काळं पडतं, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात शाई लवकर उडते. यापेक्षा टिकाऊ आठवण हवी तर पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घ्या, त्या गावच्या टपाल कार्यालयातून स्वतःच्याच पत्त्यावर टाका आणि शिक्का स्पष्ट मारायला सांगा. काही पर्यटनस्थळांच्या टपाल कार्यालयांत सचित्र शिक्काही असतो, तो मागून घ्यावा लागतो.

गटाची सहल आणि चुकून आलेली वस्तू

वर्गाची सहल असेल तर दहा जणांमागे एक नोंद ठेवणारा नेमा. परतीला गाडीत बसण्याआधी सगळे आपापल्या वस्तू एका चादरीवर मांडतील, नोंद होईल, नको ती वस्तू तिथेच परत जाईल. मित्राच्या पिशवीत तटाचा दगड दिसला तर शिक्षकांकडे धावण्याआधी त्यालाच सांगा. घरी पोचल्यावर दगड परत करणं फार कटकटीचं असतं.

तरी घरी आलीच एखादी, किंवा माळ्यावर आजोबांच्या काळची सापडली, तर स्वतः गडावर जाऊन कुठेतरी टाकून येऊ नका, त्याने जागेची खोटी साक्ष तयार होते. कधी, कुठून, कोणी आणली हे आठवेल तेवढं कागदावर लिहा, आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असंच लिहा, आणि कागदासह वस्तू पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयात किंवा सरकारी वस्तुसंग्रहालयात द्या. प्राण्याच्या अवयवाची वस्तू असेल तर वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात. दोन्हीकडे लेखी पोच घ्या, ती वहीत त्या क्रमांकासमोर चिकटवा आणि शेवटच्या रकान्यात 'परत केली' असं तारखेसह लिहा. क्रमांक खोडून दुसऱ्या वस्तूला देऊ नका.